नवा खेळ शिकवायला उभं राहण्याआधी

अल्टिमेट हा फ्लाइंग डिस्कचा, म्हणजे फेकायच्या चपट्या तबकडीचा खेळ मी पहिल्यांदा शिकवला तेव्हा मोठ्या थाटात मैदानावर गेले होते. गळ्यात शिट्टी, हातात नियमपुस्तिका, पाठ टाचण तर तोंडपाठ. समोर ३६ प्रशिक्षणार्थी. मैदानाची लांबी-रुंदी, डिस्कचं वजन, खेळाडूंची संख्या, गुण, फाऊल, बदली खेळाडू, सगळं पुस्तकातल्या क्रमाने सांगितलं. २२ मिनिटं बोलत होते. 'समजलं?' 'हो मॅडम!' खेळ सुरू झाला. पहिला पास ज्याने झेलला तो पोरगा डिस्क काखोटीला मारून जो सुटला, तो थेट शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन दोन्ही हात वर करूनच थांबला. त्याच्या संघाने जल्लोष केला. समोरच्या संघानेही टाळ्या वाजवल्या.

डिस्क हातात असताना पळायचं नाही, हा त्या खेळाचा कणा. तो नियम मी सांगितला होता. अकरावा की बारावा.

त्यानंतर हँडबॉल, नेटबॉल, कॉर्फबॉल, चुकबॉल असे बरेच खेळ वर्गापुढे पहिल्यांदा मांडायची वेळ आली. दर वेळी माझं बोलणं थोडं कमी झालं आणि खेळणं थोडं आधी सुरू झालं. आता माझा हिशेब साधा आहे: खेळ जिथे अडतो तिथे नियम सांगायचा, त्याआधी नाही. तुम्ही शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी असाल आणि पहिला सराव पाठ तोंडावर आला असेल, किंवा नव्याने शिकवायला लागला असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. उदाहरण म्हणून अल्टिमेटच धरलाय, कारण त्यात माझी फजिती सगळ्यात जास्त झाली.

हाताशी काय हवं

- खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची चालू नियमपुस्तिका. कुणीतरी दिलेली जुनी झेरॉक्स चालणार नाही. नियम बदलत राहतात, आणि वर्गातल्या एकाने तरी फोनवर नवी आवृत्ती वाचलेली असते.
- स्वतःच्या हाताने लिहिलेलं एका पानाचं टिपण. छापील नको, लिहिताना जे सुचतं तेच कामाचं असतं.
- पाठ टाचण, वेळेच्या खुणांसह.
- खेळाचं मुख्य साहित्य, आणि त्यातला किमान एक नग जादा. डिस्क झाडावर अडकते.
- मैदान आखायला जमिनीवर ठेवायचे कोन (प्लॅस्टिकचे शंकू) किंवा मार्कर. पहिल्या दिवशी चुन्याच्या रेघा मारू नका, मैदान लहान-मोठं करावंच लागतं.
- दोन रंगांचे बिब, म्हणजे कपड्यांवरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या. 'टी-शर्टवाले विरुद्ध बाकीचे' असं करू नका. घाईत पास देताना टी-शर्ट दिसत नाही, रंग दिसतो.
- शिट्टी, घड्याळ, प्रथमोपचार पेटी.

छोटा फळा असला तर उत्तम. नसला तरी जमिनीवर चार कोन ठेवून सगळं दाखवता येतं.

१. आधी खेळा, मग वाचा, मग परत खेळा

नियमपुस्तिका शिकवण्यासाठी लिहिलेली नसते. ती वाद मिटवण्यासाठी लिहिलेली असते, म्हणून तिच्यात व्याख्या आधी येतात आणि खेळ मागून येतो. पाच-सहा मित्र गोळा करून अर्धा तास खेळा. चुकीचं खेळलात तरी चालेल. मग पुस्तक उघडा, आणि बघा, जिथे तुमचं भांडण झालं होतं ती पानं तुम्ही गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचाल. मग परत एकदा खेळा.

ही पायरी गाळणारे ओळखू येतात. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की ते पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवतात.

२. नियम चाळून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुस्तकातल्या शंभर नियमांपैकी पहिल्या दहा मिनिटांत लागणारे पाच किंवा सहा असतात. ते शोधायला मी पाच प्रश्न विचारते:

गुण कसा मिळतो?
चेंडू (किंवा डिस्क) हातात असताना मला काय करता येतं, काय नाही?
समोरच्याला मला कसं अडवता येतं?
ताबा कधी बदलतो?
कुणाला लागेल ते कशामुळे?

अल्टिमेटची उत्तरं बघा. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, आपल्या खेळाडूने डिस्क झेलली की एक गुण. डिस्क हातात आली की लवकरात लवकर थांबायचं, एक पाय रोवायचा आणि पास द्यायचा. अडवणाऱ्याने अंगाला हात लावायचा नाही, हातातली डिस्क हिसकायची नाही. डिस्क खाली पडली, बाहेर गेली किंवा समोरच्याने अडवली की ताबा गेला. आणि लागतं ते एकाच डिस्ककडे बघत धावणारे दोघं एकमेकांवर आदळल्यामुळे. एवढ्यावर खेळ सुरू होतो.

आणि यात काय नाही ते बघा. मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद, त्यात दोन्ही टोकांचे पट्टे १८-१८ मीटरचे. संघात ७ जण. डिस्क १७५ ग्रॅमची. हे सगळं खरं आहे, परीक्षेतही विचारलं जाईल, पण पहिला पास देणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. मापं वर्गात सांगा, फळ्यावर, पंख्याखाली. मैदानावर ऊन आणि उत्साह दोन्ही फुकट घालवू नका.

काही खेळांनी चाळणीचं काम आधीच करून ठेवलंय. चुकबॉलमध्ये संघाला जास्तीत जास्त ३ पास, हातात चेंडू घेऊन जास्तीत जास्त ३ पावलं, चेंडू हातात जास्तीत जास्त ३ सेकंद. 'तीन, तीन, तीन' एवढं सांगितलं की निम्मा खेळ झाला. उरलेल्यातलं महत्त्वाचं म्हणजे समोरच्याला अडवायचंच नाही. ते मात्र दहा वेळा सांगावं लागतं, कारण हात आपोआप पुढे जातात.

उलट नेटबॉल. ७ खेळाडू, ७ जागा, प्रत्येकाच्या बिबवर वेगळी अक्षरं आणि प्रत्येकाला फिरायला मैदानाचे वेगळे भाग. हे सगळं एका दमात सांगणाऱ्याचा वर्ग बिबांची अदलाबदल करण्यातच संपतो. पहिल्या दिवशी जागा विसरा. सगळ्यांना सगळीकडे फिरू द्या, पण चेंडू घेऊन धावायचं नाही आणि ३ सेकंदांत सोडायचा, एवढंच ठेवा. दहा मिनिटांत चौदाच्या चौदा जण चेंडूभोवती गोळा होतील. मग विचारा, 'ही गर्दी कशी कमी करायची?' जागांचा नियम तेव्हा सांगा. लगेच पटतो.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने हिवाळ्यात आत खेळता येईल असा नवा खेळ तयार केला. समोर प्रशिक्षण घेणारे १८ जण होते, म्हणून ९-९ चे दोन संघ. पीचच्या दोन टोपल्या आणि फुटबॉलचा चेंडू. नियम फक्त १३, टाइप करून व्यायामशाळेत लावलेले. पहिल्या सामन्यात गोल झाला एकच. बास्केटबॉलची सुरुवात ती. त्या १३ मध्ये ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू आपटत पुढे जाणं, नव्हतंच. चेंडू बाहेर गेला तर जो आधी हात लावेल त्याने तो आत टाकायचा, असा नियम होता. तो वाचताना आपल्याला लगेच कळतं काय झालं असेल: बाहेर गेलेल्या चेंडूवर झुंबड. पुढे तो नियम बदलावाच लागला. खेळच्या खेळ असा अडचणीतून अडचणीत शिकत गेला असेल, तर आपल्या वर्गाने तो पहिल्याच तासाला पूर्ण गिळावा असा हट्ट कशाला?

३. ओळखीच्या खेळाचा हात धरा, पण सोडवायचा कधी ते ठरवून

'बास्केटबॉलमध्ये पिव्हट करता ना, तसाच इथे एक पाय रोवायचा.' एका वाक्यात काम झालं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा पकडली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, हे माहीत असलेल्या मुलांना 'हालचालीवरचं बंधन' ही कल्पना नव्याने शिकवावी लागत नाही. वर्गाला कुठले खेळ येतात ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

यातली मेख अशी की ओळखीचा खेळ नको ते सामानही बरोबर आणतो. 'हा बास्केटबॉलसारखाच' म्हणालात की कुणीतरी दोन पावलं जास्त टाकणारच. हँडबॉलला बास्केटबॉलवाले ड्रिबल थांबवून गोंधळतात, फुटबॉलवाले गोलासमोरच्या ६ मीटरच्या क्षेत्रात बिनधास्त शिरतात. तिथे फक्त गोलरक्षक उभा राहू शकतो, हे त्यांना माहीत नसतं. आणि रेषेबाहेरून उडी मारून, जमिनीवर पाय टेकण्याआधी चेंडू मारला तर ते चालतं, हे सांगितलं की डोळे विस्फारतात.

सगळ्यात जास्त फसवते ती रेषा. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू रेषेवर पडला तर आत. फुटबॉलमध्ये चेंडू पूर्ण रेषेपलीकडे जात नाही तोवर आत. बास्केटबॉलमध्ये रेषेवर पाय पडला की बाहेर. अल्टिमेटमध्ये मैदानाच्या कडेची रेषा बाहेरचीच. म्हणून 'रेषेचं काय?' हा प्रश्न प्रत्येक नव्या खेळात मुद्दाम स्वतःच काढा. नाहीतर तो पहिल्या चुरशीच्या गुणाला निघेल, आणि तेव्हा तुमचं कुणी ऐकणार नाही.

माझी सवय अशी: सारखेपणा एक सांगते, फरक दोन सांगते.

४. उभं कुठे राहायचं

सूर्य तुमच्या तोंडावर, त्यांच्या पाठीवर. अर्धगोल, रांग नको. मागच्या रांगेतल्याला तुमच्या डोक्याचा फक्त शेंडा दिसतो. शेजारी दुसरा वर्ग खेळत असेल तर तो त्यांच्या मागे येईल असं उभं राहा. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्याकडे तुमचा चेहरा हवा आणि हातवारे मोठे हवेत. हे त्या एकासाठी म्हणून सुरू केलंत तरी फायदा सगळ्यांना होतो.

साहित्य वाटण्याआधी बोला. हातात डिस्क आल्यावर ती बोटावर फिरवली नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. वाटून झाली असतील तर 'डिस्क पायाखाली' असं सांगा आणि खरंच पायाखाली जाईपर्यंत थांबा.

५. मिनिटभरात सांगा

टिपण समोर धरून वाचू नका. काय बोलायचं ते आधी मोठ्याने म्हणून बघा, घड्याळ लावून. माझं अल्टिमेटचं बोलणं आता एवढंच असतं:

'आपण इकडून तिकडे चाललोय. त्या पट्ट्यात आपल्यातल्या कुणी डिस्क झेलली की एक गुण. डिस्क हातात आली की थांबायचं, एक पाय रोवायचा, पास द्यायचा. पडली, बाहेर गेली किंवा त्यांनी अडवली की डिस्क त्यांची. धक्का नाही, हिसकाहिसकी नाही. धावताना माणसं बघा, नुसती डिस्क नको. बिब घाला.'

क्रमावर लक्ष द्या. पहिलं वाक्य दिशेचं, दुसरं गुणाचं. कुठे जायचंय आणि कशासाठी, हे आधी कळलं की बाकीचे नियम त्या वाटेवरच्या अडचणी म्हणून डोक्यात बसतात. मी पूर्वी उलटं करायचे, आधी सगळे 'नाही' सांगायचे आणि शेवटी गुण. वर्ग माझ्याकडे पोलीस चौकीत बसल्यासारखा बघायचा.

इथे तीन सापळे आहेत. पहिला, अपवाद. 'पण समजा...' हे शब्द तोंडात आले की गिळून टाका. दुसरा, एकाच गोष्टीला तीन नावं. एकदा 'पट्टा', एकदा 'एंड झोन', एकदा 'गोल एरिया' म्हणालात तर निम्म्यांना मैदानावर तीन वेगळ्या जागा आहेत असं वाटतं. एक शब्द ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा. तिसरा सापळा चांगल्या खेळाडूंसाठी: नियम आणि डावपेच यांची सरमिसळ. 'डिस्क मिळाली की मागे वळून मोकळा खेळाडू शोधायचा' हा नियम नाही, सल्ला आहे. नवख्याला तो फरक कळत नाही. मागे न वळता पास दिला की फाऊल होतो असं धरून बसलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. बिचारी प्रत्येक वेळी इमानदारीत गिरकी घेऊन मग पास द्यायची.

६. चालत खेळून दाखवा, आणि चूकही करून दाखवा

आठ जण घ्या. एक गुण पूर्ण होईपर्यंत चालण्याच्या वेगाने खेळवा. धावायला मनाई. मधेच 'थांबा' म्हणा. सगळे पुतळे. 'आता हिच्या हातात डिस्क आहे. हिला काय करता येईल?' बघणाऱ्यांना उत्तर देऊ द्या.

मग तीच गोष्ट चुकीची करून दाखवा. मी स्वतः डिस्क घेऊन चार पावलं पळते आणि थांबते. पंधरा जण एकदम ओरडतात. बरोबर प्रात्यक्षिक बघताना माणूस मान डोलावतो, चुकीचं बघताना त्याचा नियम जागा होतो.

प्रात्यक्षिकाला वर्गातल्या सर्वात तरबेज खेळाडूला घेऊ नका. तो इतक्या सफाईने करतो की नियम दिसतच नाही. मध्यम घ्या. अडखळणारा असला तर आणखी चांगलं, फक्त आधी त्याच्या कानात सांगून त्याची परवानगी घ्या.

७. लहान मैदान, कमी माणसं, आणि नियम एकेक करून

आता खरा पाठ. मैदान साधारण ३० मीटर बाय १५ मीटर, टोकांना चार-पाच मीटरचे पट्टे. ३६ जणांचे सहा संघ, तीन मैदानं. प्रत्येक संघातले पाच खेळतात आणि सहावा बाहेरून बघतो (त्याचं काम पुढे सांगते). आपल्याकडे पाठ टाचणात ज्याला पूरक खेळ म्हणतात तोच हा. फक्त यात मूळ खेळाचा जीव शाबूत राहिला पाहिजे, नाहीतर नुसती पासांची कवायत होते. खेळ आधी समजू द्यावा आणि तंत्र त्याच्या गरजेतून यावं, हे इंग्लंडमध्ये डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये मांडलं. मैदानावर उभं राहिलं की ते का मांडावं लागलं ते पाच मिनिटांत कळतं.

पाच मिनिटं खेळू द्या. शिट्टी खिशात. आणि वाट बघा.

पहिली अडचण हमखास येते. कुणीतरी डिस्क घेऊन उभं राहतं. डावीकडे बघतं, उजवीकडे बघतं, पुन्हा डावीकडे. समोरचा कंटाळून कमरेवर हात ठेवतो. एकदा एका मुलाने खरंच इतका वेळ घेतला की त्याच्याच संघातला एक जण खाली बसून बुटाची लेस बांधून उठला. मी सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, 'हे असंच चालू द्यायचं?' 'नाही!' 'मग काय करायचं?' कुणी म्हणालं पाच सेकंद द्या, कुणी म्हणालं वीस. 'आणि मोजायचं कुणी?' यावर शांतता. मग एक मुलगी म्हणाली, 'जो अडवतोय त्यानेच मोजावं, त्यालाच घाई आहे.' नियम नेमका तोच आहे. अडवणारा 'स्टॉलिंग' म्हणतो आणि एक ते दहा मोजतो, दर आकड्यामध्ये किमान एक सेकंद. 'दहा' शब्द सुरू व्हायच्या आत डिस्क हातातून सुटली नसेल तर ताबा गेला. हा नियम मी त्या वर्गाला पुन्हा कधीच सांगितला नाही. तो त्यांचाच होता.

लगेच दुसरी अडचण तयार होते, कारण मोजायची गंमत वाटून दोघं-तिघं एकाच खेळाडूला घेरतात. मग पुढचा नियम आणा: डिस्कवाल्याच्या ३ मीटरच्या आत एकच अडवणारा. दुसरा आला तर तो तिथल्याच दुसऱ्या खेळाडूला राखत असला पाहिजे.

तिसरी, गुण झाल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात. 'आता डिस्क कुणाची?' तेव्हा सांगा की गुण मिळवणारा संघ तिथेच राहतो, दिशा बदलते, आणि तोच संघ लांब फेक करून पुढचा गुण सुरू करतो. बदली खेळाडू आत घ्यायची वेळही हीच.

एका तासात असे तीन, फार तर चार नियम. पाचवा आला तर उद्यावर टाका. अल्टिमेटमधला पिक, म्हणजे धावणाऱ्या बचावपटूच्या वाटेत दुसरा खेळाडू आल्यावर काय करायचं, हे मी दुसऱ्या तासाच्या आधी कधी काढत नाही. एक अपवाद मात्र ठेवा. इजेचा नियम कशाचीही वाट बघत नाही. कुणी पाठीवर आदळेल असा धावतोय दिसलं की त्या क्षणी शिट्टी.

कॉर्फबॉल शिकवणार असाल तर तिथली अवघड जागा आधीच सांगते. बचाव करणारा योग्य जागी असेल तर टोपलीत चेंडू टाकायचाच नाही, हा नियम नवख्याला अन्याय वाटतो. तोंडी समजावण्यात घाम गाळू नका. टोपली साडेतीन मीटर उंचावर असते. एकदा उंच खेळाडूंच्या संघाला हा नियम न लावता खेळू द्या. बुटक्यांचा संघ स्वतःहून तो नियम मागेल.

८. 'समजलं का?' हा प्रश्न विचारायचा नाही

त्याला 'हो' हे एकच उत्तर असतं. त्याऐवजी प्रसंग द्या. 'डिस्क झेलली, पण झेलताना पाय कडेच्या रेषेवर होता. आता?' आत वाटत असेल तर उजवीकडे जा, बाहेर वाटत असेल तर डावीकडे. सगळ्यांना पायाने उत्तर द्यावं लागतं. कोण बाकीच्यांकडे बघून हलतंय तेही दिसतं. त्यांची नावं मनात ठेवा, वर्गासमोर घेऊ नका.

पुढे शिक्षक होणाऱ्यांसाठी एक जास्तीचं काम. ज्याला नियम कळला त्याने तो शेजाऱ्याला पंधरा सेकंदांत सांगायचा. कळलेलं आणि सांगता येणारं यात केवढं अंतर आहे ते त्यांना तिथल्या तिथे कळतं.

९. निवाडा त्यांच्यावर सोपवा

बाहेर बसलेल्या सहाव्या खेळाडूचं काम हे. आजचे नियम असलेला कागद त्याच्या हातात, आणि कुठला नियम किती वेळा मोडला त्याच्या रेघा मारायच्या. निकाल द्यायचा नाही, नुसतं बघायचं. पाच मिनिटांनी बदली. रेघा मारून आत गेलेला खेळाडू नियम मोडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

हँडबॉल किंवा नेटबॉलमध्ये यापुढची पायरी शिट्टी हातात देणं. अल्टिमेटमध्ये पंचच नसतो. हा खेळ १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका शाळेत सुरू झाला आणि जागतिक स्पर्धांतही निवाडा खेळाडूच करतात. ज्याच्यावर फाऊल झाला तो 'फाऊल' म्हणतो, खेळ थांबतो. समोरच्याने मान्य केलं तर झेल अडवला गेलेल्याला डिस्क मिळते. नाही केलं तर डिस्क फेकणाऱ्याकडे परत, आणि पास नव्याने. कुणाचाच जय नाही. सामन्यानंतर संघ एकमेकांना खिलाडूवृत्तीचे गुण देतात, पाच मुद्द्यांवर, प्रत्येकी शून्य ते चार. त्यातला पहिलाच मुद्दा नियमांची माहिती आणि वापर हा.

इथे शिक्षकाची खरी परीक्षा असते. दोघं वाद घालायला लागले की आपले पाय आपोआप तिकडे वळतात. वळू देऊ नका. मी एकदा मधे पडून निकाल दिला आणि त्यानंतरचा अख्खा तास प्रत्येक 'फाऊल' माझ्याकडे बघून ओरडला गेला. आता मी वाद सुरू झाला की मुद्दाम कोन उचलायला लागते.

१०. बदललेला नियम उघड सांगा

लहान मैदान, पाच खेळाडू, दहाऐवजी पाच सेकंद, असे बदल आपण सोयीसाठी करतोच. करावेतच. पण तासाच्या शेवटी एक मिनिट काढून सांगा: यातलं पुस्तकातलं काय आणि माझं काय. मी विद्यार्थी असताना एका ठिकाणी हँडबॉलचा एक नियम शिकले, तोच परीक्षेत लिहिला, आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा खाली करून विचारलं, 'हा कुठे वाचलात?' कुठेच नव्हता वाचला. आमच्या सरांनी जागा कमी म्हणून केलेली ती सोय होती.

टिपणाच्या पानावर दोन रकाने करा, 'मूळ' आणि 'आजच्यापुरता'. तेच पान तासानंतर वर्गाला देऊन टाका. मापं, वजनं, खेळाडूंची संख्या त्यांनी घरी भरायची, नियमपुस्तिकेतून शोधून. खेळून झाल्यावर हे काम कुणाला जड जात नाही.

११. तास संपल्यावरची दहा मिनिटं

साहित्य मोजून आत ठेवलं की पाठ टाचणाच्या मागच्या बाजूला त्या दिवशी आलेले प्रश्न लिहा, विद्यार्थ्यांच्याच शब्दांत. ज्याचं उत्तर देता आलं नाही त्याच्यापुढे फुली. वर्गात 'बघून सांगते' म्हणायला लाजू नका, फक्त खरंच बघा आणि खरंच सांगा. पुढच्या तासाची सुरुवात त्या फुलीपासून करायची.

माझ्या शेवटच्या वर्गातली फुली ही होती: डिस्क हवेतच कडेच्या रेषेबाहेर गेली, वळली, आणि खाली न टेकता परत आत आली तर? बाहेर कुठेही टेकली नसेल तर खेळ चालू. बाहेरच्या बाजूने वळवून मारलेला तो पास शिकायला पुढच्या तासाला सगळे वेळेच्या आधी हजर होते.